ग्रेट झिम्बाब्वे कोणी बांधले? उपसून फेकलेल्या मातीची हकीकत

धागा: जुनी वही

सप्टेंबर १८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी आजच्या झिम्बाब्वेतील मस्विंगो शहराजवळच्या ग्रेट झिम्बाब्वे या दगडी अवशेषांपाशी पोहोचला. तिथल्या एका दारावरच्या लाकडी तुळईची ढलपी काढून त्याने ती आपल्याजवळच्या शिसपेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिली. रंग आणि वास सारखा वाटला. पेन्सिल देवदाराची, म्हणून तुळईही देवदाराची ठरली. देवदार म्हटल्यावर लेबनॉन आले, लेबनॉन म्हटल्यावर तिथले प्राचीन फिनिशियन व्यापारी आणि बायबलमधला राजा सॉलोमन आले, आणि त्यांच्या मागोमाग शेबाची राणी आली. तुळईचे लाकूड प्रत्यक्षात आफ्रिकेतल्याच झाडाचे होते. तरीही त्या एका ढलपीवर उभ्या केलेल्या कल्पनेला पुढची शंभर वर्षे सरकारी आश्रय मिळत राहिला.

आमच्या पिढीला शाळेत आफ्रिकेचा परिचय ‘अंधारे खंड’ या दोन शब्दांत करून दिला गेला. इजिप्त तेवढे वेगळे काढलेले असे, आणि बाकीच्या नकाशावर जंगल, वाळवंट, गुलामांचा व्यापार आणि हिऱ्यांच्या खाणी असत. गेले काही महिने मी ग्रेट झिम्बाब्वेविषयी मिळेल ते वाचतो आहे आणि मला असे ठामपणे वाटू लागले आहे, की तो अंधार तिथे आपोआप पडलेला नव्हता, तर तो फावड्याने आणि घमेल्याने, मजूर लावून पाडला गेला होता. त्याविषयी सविस्तर लिहावे म्हणून हा धागा.

आधी ते स्थळ. शोना लोकांच्या पूर्वजांनी अकराव्या ते पंधराव्या शतकांदरम्यान वसवलेले हे नगर सात चौरस किलोमीटरांहून अधिक परिसरात पसरलेले आहे. डोंगरावर एक वस्ती आहे, खाली दरीत अनेक आवारे आहेत, आणि या सर्वांत प्रसिद्ध असलेल्या मोठ्या आवाराची बाहेरची भिंत सुमारे २५० मीटर लांबीची असून काही ठिकाणी ती ११ मीटरांपर्यंत उंच आहे. तळाशी तिची जाडी पाच मीटरांच्या आसपास भरते. सगळा दगड ग्रॅनाइट, आणि चुना कुठेही नाही. शोना भाषेत ‘जिम्बा झा माब्वे’ म्हणजे दगडांची घरे, आणि देशाचे आजचे नाव त्यावरूनच आले, असे सामान्यतः मानले जाते. अशी दगडी स्थळे त्या पठारावर शेकड्यांनी आहेत. ग्रेट झिम्बाब्वे त्यांतले सर्वांत मोठे.

हे नगर सोन्याच्या व्यापारावर आणि गुरांच्या कळपांवर पोसले गेले. पठारावरचे सोने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सोफाला बंदरात आणि तिथून किल्वा या बेटावरच्या नगरात जाई. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये किल्व्याला गेला होता आणि सोफाल्याला आतल्या प्रदेशातून सोन्याची भुकटी येते, हे त्याने नोंदवले आहे. पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश याने १५५२ मध्ये ‘सिंबावे’ नावाच्या, चुन्याविना रचलेल्या दगडी गढीचे वर्णन छापले. म्हणजे जगाला या ठिकाणाची मुळीच खबर नव्हती, असेही म्हणता येत नाही.

आता फावड्याची गोष्ट. १८९० मध्ये सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश साम्राज्यवाद्याच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने हा प्रदेश बळकावला. दुसऱ्याच वर्षी कंपनीच्या पैशाने थिओडोर बेंट तिथे खोदायला आला. त्याला मिळाली ती बहुतांशी स्थानिक खापरे आणि स्थानिक अवजारे, पण बांधणारे मात्र अरबस्तानातून आलेले असावेत, असा निष्कर्ष त्याने काढला. १८९५ मध्ये तर कंपनीने एका संस्थेला या प्रदेशातील प्राचीन अवशेषांमधून सोने शोधण्याचा परवानाच दिला. त्यांनी थडगी उकरली आणि जे दागिने मिळाले त्यांतले पुष्कळसे वितळवून टाकले. कोणत्या मृताच्या अंगावर कोणता अलंकार होता, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

सर्वांत मोठे नुकसान मात्र राखणदार म्हणून नेमलेल्या माणसाने केले. १९०२ मध्ये रिचर्ड हॉल याची या स्थळाचा अभिरक्षक म्हणून नेमणूक झाली. इमारती जपणे एवढेच त्याचे काम होते. त्याच्या दृष्टीने भिंती प्राचीन परकीयांच्या होत्या आणि भिंतींच्या आतली माती, चुली, राखेचे ढीग, खापरे, हाडे ही नंतर येऊन राहिलेल्या काळ्या लोकांची घाण होती. म्हणून त्याने ‘घाण’ साफ केली. साधारण तीन ते पाच फूट, आणि काही ठिकाणी बारा फुटांपर्यंत जाडीचे थर त्याने उपसून बाहेर टाकले. पुरातत्त्वाची थोडीबहुत ओळख असणाऱ्या कोणालाही हे वाचून गलबलून येईल. भिंत केव्हा बांधली, हे भिंत स्वतः सांगत नाही. ते तिच्या पायाखालची आणि तिला टेकून साठलेली माती सांगते. ज्यांनी हे नगर बांधले त्यांचीच ती चूल होती आणि त्यांचीच ती राख होती. पुरावा नेमका तोच होता, आणि तोच कचरा समजून फेकला गेला. १९०४ मध्ये हॉलला पदावरून दूर करण्यात आले, पण तोवर मोठ्या आवारातले बहुतेक थर गेलेले होते.

१९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर हा इजिप्तमध्ये काम केलेला पुरातत्त्वज्ञ आला. शिल्लक राहिलेल्या जागी त्याने काळजीपूर्वक खोदले आणि स्पष्ट सांगितले, की हे बांधकाम मध्ययुगातले आहे आणि आफ्रिकी लोकांचेच आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांना ते पटले नाही. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन ही ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आली. तिचे सर्व सहकारी स्त्रियाच होत्या आणि पुढे जेरिकोच्या उत्खननामुळे जगप्रसिद्ध झालेली कॅथलीन केन्यन त्यांत होती. हॉलचे फावडे जिथे पोहोचले नव्हते असे मॉण्ड नावाचे लहानसे आवार तिने मुद्दाम निवडले, भिंतींच्या पायापर्यंत थरांचा माग घेतला आणि मॅकायव्हरच्याच निष्कर्षाला येऊन पोहोचली. पुढे कार्बन कालमापनाची पद्धत हाती आल्यावर आणि १९५८ च्या उत्खननानंतर तज्ज्ञांमध्ये या बाबतीत वाद उरला नाही.

वाद सरकारला हवा होता. १९६५ मध्ये इयान स्मिथच्या गोऱ्या अल्पसंख्याक सरकारने ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झिम्बाब्वे, एकतर्फी स्वतंत्र जाहीर केला. त्याआधीच, १९६१ मध्ये, काळ्या लोकांच्या एका मोठ्या राजकीय पक्षाने आपल्या नावात ‘झिम्बाब्वे’ हा शब्द घेतला होता. या दगडांवर कोणाचा हक्क, हा आता राज्य कोणाचे, या प्रश्नाचाच भाग झाला होता. म्हणून सरकारी पुस्तिकांमधून ‘बांधणारे कोण हे गूढ आहे’ असेच लिहिले जावे, असा दबाव येऊ लागला. स्मारकांचा वरिष्ठ निरीक्षक पीटर गार्लेक याने खोटे लिहिण्यास नकार दिला, १९७० मध्ये राजीनामा दिला आणि देश सोडला. पुढे तो नायजेरियात इफे येथे जाऊन शिकवू लागला. या साऱ्या हकिकतीत मला सर्वाधिक आदर या माणसाविषयी वाटतो, कारण तो गोरा होता, त्याची नोकरी सुरक्षित होती, आणि त्याला फक्त एक वाक्य मोघम ठेवायचे होते.

जाणकारांनी भर घालावी, चुकले असेल तिथे दुरुस्त करावे.

प्रतिसाद: उत्तररात्र

लेख आवडला. तरीही एक प्रामाणिक शंका मांडतो, कृपया गैरसमज नसावा. तिथे चिनी भांडी सापडली, इराणी वाडगा सापडला, किल्व्याचे नाणे सापडले. अरब व्यापारी किनाऱ्यावर शतकानुशतके होते. त्या लोकांकडे लिपी नव्हती. मग निदान आराखडा किंवा कारागीर बाहेरून आले असतील, ही शक्यता विचारात घेणे म्हणजे वर्णद्वेषच, असे म्हणता येईल का? दुसरे म्हणजे, एकोणिसाव्या शतकात तिथे राहणाऱ्या लोकांनाही हे कोणी बांधले ते सांगता आले नव्हते, असे मी वाचले आहे.

प्रतिसाद: गडगा

लिपीविषयी मला फारसे कळत नाही, पण दगडाविषयी थोडे कळते. माझे आजोळ कोकणातले. बागेभोवतीचा गडगा दर दोन पावसाळ्यांनी कुठेतरी ढासळायचा आणि आजोबा तो स्वतः रचायचे. मीही हाताखाली दगड दिलेले आहेत. चुना नसला की भिंत उभी राहते ती फक्त तीन गोष्टींवर: प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसला पाहिजे, भिंत वर जाताना आत कलली पाहिजे, आणि दोन दर्शनी बाजूंच्या मधली भर दाबून बसवलेली असली पाहिजे. ग्रेट झिम्बाब्वेच्या भिंतींची जवळून घेतलेली छायाचित्रे पाहिली, की या तिन्ही गोष्टी अकरा मीटर उंचीपर्यंत सांभाळलेल्या दिसतात. आमच्या आजोबांचा गडगा छातीएवढा होता.

दगड कुठून आला हेही त्या जागीच दिसते. तिथले ग्रॅनाइटचे कातळ उन्हाने तापून आणि रात्री थंड होऊन कांद्याच्या पापुद्र्यासारखे थरांनी सुटतात. आग पेटवून वर गार पाणी ओतले, की हेच काम लवकर होते. सुटलेला पापुद्रा सारख्या जाडीचा असतो, म्हणून त्याचे विटांसारखे तुकडे पाडता येतात. ही पद्धत त्या डोंगरातच सुचू शकते, कारण ती त्या डोंगराच्या दगडाची खोड आहे.

उत्तररात्र, आपल्या शंकेचे उत्तर माझ्या मते खुद्द भिंतींतच आहे. तिथल्या बांधकामाच्या शैली अभ्यासकांनी वेगळ्या काढल्या आहेत. सर्वांत जुन्या भिंतींचे दगड ओबडधोबड आहेत आणि थर वेडेवाकडे जातात. नंतरच्या भिंतींचे दगड निवडून घडवलेले आहेत आणि थर सुतात आहेत. परक्या देशातून सिद्धहस्त कारागीर आले असते, तर त्यांचे पहिले काम सर्वांत चांगले असते आणि मग ते बिघडत गेले असते. इथे नेमके उलट झाले आहे. हे लोक तिथेच शिकत गेले.

प्रतिसाद: जुनी वही

गडगा, मनापासून आभार. दोन पावसाळ्यांनी ढासळणारी भिंत स्वतः रचलेल्या माणसाने हे लिहावे, याचे मोल मला फार वाटते.

उत्तररात्र, आपली शंका मी मुळीच वावगी मानत नाही. पहिल्यांदा ती विचारणे रास्तच होते. १९०५ आणि १९२९ मध्ये उत्तर मिळाल्यावरही तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारत राहणे, यात दोष आहे. कारागिरांपुरते बोलायचे तर किनाऱ्यावरच्या स्वाहिली नगरांकडे पाहावे. किल्व्याच्या मशिदी आणि राजवाडे प्रवाळाच्या दगडात आणि चुन्यात बांधलेले आहेत, त्यांना काटकोनी कोपरे आहेत, कमानी आहेत. ग्रेट झिम्बाब्वेत चुना नाही, कमान नाही, आणि काटकोन तर शोधून सापडत नाही. भिंती वळत जातात, कारण त्यांना छप्पर पेलायचेच नव्हते. त्यांच्या आत मातीची गोल, गवताने शाकारलेली घरे होती, आणि ती घरे हॉलने उपसली. कारागीर किनाऱ्यावरून आले असते तर चुना भाजण्याची विद्या किनाऱ्यावर ठेवून आले नसते.

परदेशी वस्तूंविषयी एवढेच म्हणतो: कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमारास समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आणि इतर रोमन वस्तू मिळाल्या. त्यावरून आपण सातवाहन काळात कोल्हापूरचा व्यापार किती दूरवर पोहोचला होता, असे अभिमानाने सांगतो. कोल्हापूर रोमनांनी वसवले, असे कोणी म्हणाले तर आपण ते क्षणभरही ऐकून घेणार नाही. चिनी भांडे पंचगंगेकाठी मिळाले तर तो व्यापार आणि झिम्बाब्वेच्या पठारावर मिळाले तर ती परकीयांची वसाहत, हा भेद पुराव्यातून येत नाही.

स्थानिकांना आठवत नव्हते, हेही खरे आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यानंतर या नगराचे महत्त्व ओसरले आणि सत्ता खामी व मुतापा या राज्यांकडे गेली. माउखला भेटलेल्या घराण्यांची तिथली वस्ती पुष्कळ नंतरची होती.

प्रतिसाद: रेवदंड्याची वाट

आमच्या चौल-रेवदंड्याचा या व्यापाराशी संबंध येतो म्हणून लिहिण्याचे धाडस करते आहे. ग्रेट झिम्बाब्वेच्या रेंडर नावाच्या आवारात हॉललाच १९०३ मध्ये जो साठा मिळाला, त्यात चिनी आणि इराणी भांड्यांबरोबर लोखंडी कुदळी, तारेची वेटोळी, कवड्या आणि हजारो काचेचे मणी होते. असे मणी दक्षिण आफ्रिकेच्या सीमेवरच्या मापुंगुब्वे येथेही मिळाले. हे सगळेच मणी भारतातले नव्हेत. काही प्रकारांची काच इस्लामी प्रदेशांतली मानली जाते. पण काचेची नळी ओढून, तिचे बारीक तुकडे करून, पुन्हा तापवून कडा गोल करण्याची जी जुनी भारतीय पद्धत आहे, त्या पद्धतीचे मणी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि आतल्या पठारावर शतकानुशतके जात होते. चौलच्या उत्खननात मिळालेले मणी आणि केनियाच्या किनाऱ्यावरचे मणी रासायनिक दृष्टीने तपासले गेले, तेव्हा दोन्हीकडे एकाच प्रकारची काच आढळली.

अल-मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला, त्याच्या भाषेत सैमूरला, येऊन गेला होता. आफ्रिकेचा पूर्व किनाराही त्याने पाहिला होता. तिथले हस्तिदंत ओमानमार्गे भारतात आणि चीनमध्ये जाते आणि भारतात त्याच्या खंजिरांच्या मुठी व बुद्धिबळाच्या सोंगट्या करतात, असे त्याने लिहिले आहे. इकडून काच गेली, तिकडून हस्तिदंत आले. आमच्याकडच्या लोकांना ‘अंधारे खंड’ हा शब्द तेव्हा ठाऊक नव्हता. त्यांना गिऱ्हाइकाची आवड ठाऊक होती.

प्रतिसाद: साधा वाचक

माहिती उत्तम आहे, पण दगड आफ्रिकींनी रचले की फिनिशियनांनी, यावरून आज तिथल्या माणसाच्या जगण्यात काय फरक पडतो?

प्रतिसाद: निळी शाई

साधा वाचक, फरक पडतो, आणि कधी तो जिवावर बेततो. १९३० मध्ये चार्ल्स सेलिगमन या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने असे मांडले, की आफ्रिकेतली संस्कृती ही ‘हॅमाइट’ नावाच्या, मूळच्या गोऱ्या वंशाशी नाते असलेल्या गुराख्यांनी बाहेरून आणली. जिथे राज्य, शिल्प किंवा शिस्तबद्ध समाज दिसेल तिथे हॅमाइट शोधायचे, अशी मग रीतच पडली. र्‍वांडामध्ये वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी तिथल्या दोन समाजांपैकी तुत्सींना हॅमाइट ठरवले आणि हुतूंना त्यांच्याहून हलके. १९३० च्या दशकात बेल्जियन सत्तेने ही विभागणी ओळखपत्रांवर छापली. पुढे तीच कल्पना उलटी फिरली. तुत्सी बाहेरचे, इथिओपियाचे, म्हणून त्यांना न्याबारोंगो नदीतून तिकडे परत पाठवा, असे भाषण १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये लेऑन मुगेसेरा या राजकारण्याने केले. दीड वर्षाने, १९९४ च्या नरसंहारात, त्या नदीतून खरोखरच प्रेते वाहत होती. ग्रंथालयात बसून लिहिलेले एक गृहीतक तिथवर गेले.

झिम्बाब्वेची गोष्ट एकटी नाही, हेही सांगावेसे वाटते. १९१० मध्ये लेओ फ्रोबेनियस या जर्मन अभ्यासकाला नायजेरियातील इफे येथे मानवी मस्तकांची अतिशय नाजूक शिल्पे पाहायला मिळाली. त्याने काय ठरवावे? ही ग्रीकांच्या एखाद्या जुन्या वसाहतीची, बुडालेल्या अटलांटिसची खूण आहे! १९३८ मध्ये इफेमध्येच एका घराचा पाया खणताना पितळी मस्तकांचा मोठा साठा निघाला. चेहऱ्यावरच्या बारीक उभ्या रेषा, ओठांची ठेवण, मुकुटाचे मणी, सारे तिथल्याच योरुबा लोकांच्या राजघराण्याच्या परंपरेशी जुळणारे. मेणाच्या नमुन्याभोवती साचा करून, मेण वितळवून त्यात धातू ओतण्याची ती कारागिरी इतकी पातळ आणि अचूक आहे, की आजही ओतारी लोक ती पाहून थबकतात.

प्रतिसाद: मोडीवाचक

एक पथ्य मात्र सर्वांनीच पाळावे. मिथकाला उत्तर म्हणून दुसरे मिथक उभे करू नये. आफ्रिकेतली प्रत्येक गोष्ट इजिप्तमधून निघाली किंवा जगातली प्रत्येक गोष्ट आफ्रिकेतून निघाली, असे सांगणारे लेखन आता जालावर पुष्कळ फिरते. इजिप्तशी नाते जोडल्याशिवाय शोना कारागिराला मान मिळणार नसेल, तर आपण पुन्हा माउखच्याच पेन्सिलीपाशी येऊन थांबलो.

आपल्याकडच्या ‘हबशी’ या शब्दाविषयीही विचार व्हावा. मूळ शब्द अबिसीनियाच्या म्हणजे इथिओपियाच्या अरबी नावावरून आला. मलिक अंबर तिथला. त्याने वसवलेले खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, त्याची पाण्याची नहर, त्याची जमीनमहसुलाची व्यवस्था हे सारे आपण अभ्यासतो. तरी ज्या देशातून तो आला तिथे अक्सुमचे राज्य चौथ्या शतकात स्वतःची सोन्याची नाणी पाडत होते, हे मला वयाच्या चाळिशीपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

प्रतिसाद: उत्तररात्र

माझ्या शंकेला इतक्या आस्थेने उत्तरे दिल्याबद्दल सर्वांचे आभार. जुने बांधकाम ओबडधोबड आणि नंतरचे रेखीव, हा मुद्दा मला पूर्णपणे पटला. आता एकच विचारतो. त्या देशाच्या ध्वजावर जो पक्षी आहे तो तिथलाच ना? मूळ शिल्पे आता कुठे आहेत?

प्रतिसाद: जुनी वही

होय, तिथलाच. शंखजिऱ्याच्या मऊ दगडातून कोरलेले असे आठ पक्षी मिळाले, बहुतेक डोंगरावरच्या पूर्वेकडील आवारात. त्यांतला एक विली पोसेल्ट नावाच्या शिकाऱ्याने १८८९ मध्ये काढून नेला आणि तो सेसिल ऱ्होड्सने विकत घेतला. राष्ट्रचिन्हावर आहे तो पक्षी दरीतल्या एका आवारात १९०३ मध्ये मिळाला. त्याच्या खांबावर वर चढणारी सुसर कोरलेली आहे. स्वातंत्र्य १९८० मध्ये आले, आणि १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने चार पक्षी परत केले, पण त्यांच्या बदल्यात झिम्बाब्वेकडून कीटकांचा एक संग्रह घेतला.

एका पक्ष्याचा खालचा अर्धा भाग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनच्या संग्रहालयात पोहोचला होता. तो २००३ मध्ये परत आला आणि झिम्बाब्वेत राहिलेल्या वरच्या अर्ध्याशी जोडून पाहिल्यावर बरोबर बसला. पण हे पक्षी आवारात नेमके कोणत्या क्रमाने उभे होते, त्यांच्या पायाशी काय ठेवले जात असे, याची पुरेशी नोंद त्यांना उपटून नेणाऱ्यांनी केली नाही, आणि तिथली माती हॉलच्याही आधी उकरली गेली होती.